चिलटाचा तास

सरांच्या घरात मच्छरदाणी नव्हती, मलमलीचा पडदा होता. मच्छरदाणीची भोकं डासाच्या मापाची. तिथं चिलट कसलं अडतंय! ते आपलं खुशाल आत येतं, जसं काही त्याच्या बापाचंच घर आहे. घराच्या पाठीमागे कालवा होता. उन्हाळा सरत आला की त्याचं पाणी आटून हिरवंगार व्हायचं आणि उन्हं कलली की काठावरून चिलटं उठायची. दिसायला मिरपुडीचा कण, पण चावलं की धडधाकट माणूस जागचा उडायचा. म्हणून खिडकीला आतून मलमल ठोकलेली. सकाळी ती गुंडाळून निळ्या फितीनं वर बांधायची आणि दुपारचा चहा झाला की खाली सोडायची. सरांची बायको होती तोवर हे काम तिचं होतं. ती गेल्यावर थोरलीचं झालं.

थोरली म्हणजे सरांची मुलगी. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दांडीचा स्क्रू बसवायचा, नाकावरच्या पट्ट्या वाकवायच्या, काच घासून चौकटीत बसवायची, असलं डोळे फोडणारं काम. लग्न राहूनच गेलं होतं. कुणी त्याबद्दल विचारलंच तर ती विचारणाऱ्याचाच चष्मा मागून घ्यायची आणि पुसत बसायची. बिनचष्म्याचा माणूस फार वेळ खोचक बोलू शकत नाही, हा तिचा अनुभव. तिच्या पाठचा धाकटा दुसऱ्या गावी बंदरावर क्रेन चालवायचा. बायको, मुलं, रात्रपाळ्या. फोन मात्र न चुकता करायचा.

आणि सर? सर पुढच्या खोलीत इंग्रजी बोलायला शिकवायचे. त्यांच्याकडे येणारी माणसं शाळेतली नव्हेत. बेकरीवाला, टॅक्सीवाला, दवाखान्यातल्या दोन नर्स, एक नवरा गेलेली बाई, गोदामावरचा पहारेकरी. सगळ्यांना शब्द येत होते, पण तोंड उघडायची वेळ आली की दातखीळ. सर नाकावर माशी बसू न देणारे, पण या माणसांपुढे त्यांचा राग कुठे जायचा कुणास ठाऊक. ते म्हणायचे, ‘‘तुमच्या डोक्यात इंग्रजी भरपूर आहे. दाराशी लाज बसलीय, ती उठत नाही. तिला उठवायचं कसं ते मी बघतो.’’

लाजेला उठवायला त्यांनी चिलटं कामाला लावली होती. वर्षातून एकदा, चिलटांचा हंगाम ऐन भरात आला की सर त्या संध्याकाळी पडदा सोडूच द्यायचे नाहीत. निळी फीत तशीच बांधलेली, खिडकी सताड उघडी, दिवा लावलेला. फळ्यावर चार-पाच वाक्प्रचार लिहिलेले. याला सगळे ‘चिलटाचा तास’ म्हणायचे. नियम एवढाच की, चावलं तर मारायचं नाही, खाजवायचं नाही, फळ्यावरचं एक तोंडातून काढायचं.

‘‘आपण मराठी माणसांनी सगळा मान माशीला दिला,’’ सर सुरुवात करायचे. ‘‘माशी शिंकते, माशी नाकावर बसते, रिकामा माणूस माश्या मारतो. चिलटाला आपण काय दिलं? काडीपैलवान दिसला की त्याला चिलट म्हणायचं, संपलं! इंग्रजीत बघा त्याचा थाट. गाडी चुकता चुकता मिळाली की म्हणायचं, बाय अ नॅट्स व्हिस्कर. चिलटाच्या मिशीएवढ्या अंतरानं वाचलो! बारीकसारीक गोष्टीवर कीस काढत बसलं की स्ट्रेनिंग अॅट अ नॅट. अक्कल कमी असली की ब्रेन ऑफ अ नॅट. आणि पोर अगदी एवढंसं असलं की नी-हाय टू अ नॅट. म्हणजे चिलटाच्या गुडघ्याला लागेल एवढं!’’ असं म्हणून ते थोरलीकडे बोट दाखवायचे. ती लहानपणी खरंच तेवढीशी होती. पुढे पन्नाशीला आली तरी बोट तिच्याकडेच.

मग चिलटं यायची. टॅक्सीवाल्याच्या मानेवर पहिलं बसायचं. तो ‘आई गं’ म्हणायला तोंड उघडायचा आणि सर गरजायचे, ‘‘इंग्रजीत!’’ आणि काय सांगायचं, ज्याच्या तोंडून सहा महिन्यांत धड वाक्य निघालं नव्हतं तो ओरडायचा, ‘‘बाय अ नॅट्स व्हिस्कर!’’ की पाठोपाठ नर्स, पाठोपाठ बेकरीवाला. अर्ध्या तासात खोलीत नुसता कल्ला. माणसं लाल चट्टे मिरवत, हसत घरी जायची आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच बोलायला लागायची. घरात तर हा नियम बारा महिने होता. जेवताना धाकट्याला चिलट चावलं तर तो घास तोंडात ठेवून म्हणणार, ‘‘स्ट्रेनिंग अॅट अ नॅट,’’ आणि सर म्हणणार, ‘‘शाब्बास, आता गीळ.’’

असा हा बोलका माणूस. आणि त्याचीच वाचा गेली.

सकाळी दाढी करताना सर आरशासमोर खाली बसले ते बसलेच. डोक्यात रक्ताची गुठळी. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं आणि बोलणं साफ गेलं. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर सर पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर, फळ्याकडे तोंड करून पडून राहायचे. उजव्या हातात जाणीव होती, पण तो हलायचा नाही. डावा हलायचा. चष्मा मात्र त्यांना डोळ्यांवरच लागायचा. काढला की डाव्या हातानं चाचपून मागायचे. थोरली ‘‘बाबा, पाणी?’’ विचारायची. ते तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचे, ओठ हलवायचे, आणि हवा तेवढी बाहेर यायची. मग स्वतःवरच चिडून मान भिंतीकडे वळवायचे. सर गप्प बसलेले तिनं जन्मात पाहिले नव्हते.

आठवड्यातून एकदा थेरपीवाल्या बाई यायच्या. कप, कंगवा, किल्ली दाखवून नावं वदवून घ्यायच्या. सर कंगवा हातात घेऊन केस विंचरून दाखवायचे, पण नाव नाही. बाई चांगल्या होत्या, उगाच गोड बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी एकदा थोरलीला बाहेरच्या पायरीवर बसवून सांगितलं, ‘‘आमच्या केंद्रात एक खाट रिकामी होतेय. तिथं रोज थेरपी, रोज व्यायाम. माणसं बोलायला लागून घरी जातात. पण ज्याचं बोलणं यायला लागलंय त्यालाच घेतात. एक शब्द तरी त्यांनी समजून, स्वतःहून बोललेला मला दिसू दे. मी लगेच नाव देते.’’

‘‘आणि नाही बोलले तर?’’

‘‘मग मी काही करू शकत नाही हो.’’

नाही बोलले तर काय, ते थोरलीला पाठ होतं. ती कामावर गेली की सरांजवळ शेजारच्या काकू बसायच्या, त्या आता लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. नोकरी सोडावी तर दोघांनी खायचं काय? धाकट्यानं घाटापलीकडची एक संस्था शोधली होती. असल्या माणसांना तिथं शेवटपर्यंत ठेवून घेत. थोरली जाऊन बघून आली होती. लांबलचक हॉल, ओळीनं खाटा, टीव्ही चालू. स्वच्छ होतं सगळं, नावं ठेवायला जागा नाही. पण तिच्या धंद्याची नजर, तिला दुसरंच दिसलं. त्या हॉलमध्ये एकाच्याही डोळ्यांवर चष्मा नव्हता. ‘‘हरवतात, तुटतात, म्हणून काढून ठेवतो,’’ तिथला माणूस म्हणाला आणि ऑफिसातला एक ट्रे दाखवला. ट्रेमध्ये चष्म्यांचा ढीग होता, एकमेकांत दांड्या अडकलेला. कुठला कुणाचा, देव जाणे. आणि तिकडे हॉलमध्ये सगळी म्हातारी माणसं धुक्यात बघत बसलेली. थोरली परत येताना बसमध्ये ढसाढसा रडली.

त्यानंतरची गोष्ट. दुकानात गिऱ्हाईक चिकट निघालं, थोरलीला यायला उशीर झाला. काकूंना पडद्याचं भान राहिलं नाही, त्या आपल्या सामान बांधायला घरी गेलेल्या. थोरली दारात चप्पल काढतेय, तोच आतून आवाज आला. खणखणीत, फळ्यासमोरचा.

‘‘बाय अ नॅट्स व्हिस्कर!’’

तिच्या हातातली पिशवी पडली. आत धावली. सर पलंगावर, मान ताठ, चेहरा लालबुंद. खोलीत चिलटांचा धुरळा. आणि पुन्हा, एकही अक्षर न अडखळता, ‘‘बाय अ नॅट्स व्हिस्कर!’’

‘‘बाबा! अहो बाबा, बोललात!’’ तिनं त्यांचं डोकं छातीशी धरलं. हसू की रडू तिला कळेना. मग लक्षात येऊन पडदा सोडला, चट्ट्यांना मलम लावलं आणि धाकट्याला फोन केला. तिकडे क्रेनचा खडखडाट, इकडे ही ओरडतेय.

‘‘बोलले रे! इंग्रजीत! चिलटाच्या तासातलं!’’

‘‘ताई, खरं सांगतेस?’’ धाकटाही ओरडला. ‘‘बाबांना चावलं आणि त्यांनी वाक्य म्हटलं? नियमाप्रमाणे?’’

‘‘नियमाप्रमाणे!’’

दोघंही फोनवर लहान पोरांसारखी हसली. हे हसणं दुसऱ्या कुठल्या घरात कुणाला कळलंच नसतं. कुठल्याही दुसऱ्या घरातल्या माणसानं चिलटं चावली म्हणून काकूंना चार शब्द सुनावले असते आणि पडदा दुसऱ्या दिवसापासून दुपारीच सोडला असता. या घरात मात्र पोरं लहानपणापासून एकच गोष्ट शिकलेली. पडदा वर गेला, चिलटं आली की अडलेली जीभ सुटते. शिकवणारा कोण? खुद्द तो पलंगावर पडलेला माणूस!

दुसऱ्या दिवशी थोरलीनं पडदा सोडला नाही. वाईट वाटलं तिला, नाही असं नाही. पण इंजेक्शन देताना नर्सला वाईट वाटून कसं चालेल? ती पलंगाच्या कडेला बसली. चिलटं आली. सर डाव्या हातानं मारायला लागले, मानेवर, गालावर, उजव्या दंडावर. तोंडातून शब्द नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं: हात मोकळा आहे तोवर ते मारतायत. मारायचं नाही, हाच तर नियम! तिनं त्यांचा डावा हात प्रेमानं आपल्या दोन्ही हातांत घेतला. ‘‘नियम मोडायचा नाही बाबा. तुम्हीच सांगायचात ना?’’

सर हात ओढायला लागले. जोर तरी किती उरलेला? तिला वाटलं, उत्साह आहे. आणि थोड्याच वेळात आवाज फुटला.

‘‘नी-हाय टू अ नॅट!’’

अगं बाई! हे तर तिचंच. तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे ते. बाबांनी आपल्याला ओळखलं, तिला वाटलं, नावानं नाही पण त्याहून जवळच्या खुणेनं. तिचे पाय जमिनीवर ठरेनात. दुकानात सुद्धा ती गिऱ्हाइकांशी एवढं गोड बोलली की मालकानं ‘‘बरं नाही का?’’ म्हणून विचारलं.

मग रोजचंच झालं. उन्हं कलली की थोरली घरी येई, पलंगाशी बसे, हात हातात घेई. शेजारून कुणी डोकावलं तर म्हणे, किती माया करते बघा बापावर. आणि माया नव्हती असं कोण म्हणेल? मायाच होती. सरांच्या उजव्या दंडावर चट्ट्यांवर चट्टे उठले, कानामागची कातडी सुजली. ती रात्री मलम लावायची, फुंकर घालायची, ‘‘थोडे दिवस बाबा, थोडेच दिवस,’’ म्हणून समजूत घालायची. खोलीत तिच्या पायांचा आवाज आला की सर खिडकीकडे बघायला लागले होते. तिला वाटायचं, तासाची वाट बघतायत.

थेरपीवाल्या बाईंना तिनं मुद्दाम संध्याकाळची वेळ दिली. बाई आल्या तेव्हा खिडकी उघडी होती, दिवा लावलेला होता, आणि थोरली बापाचा हात धरून बसली होती. चिलटांनी आधीच ताबा घेतला होता.

‘‘बाय अ नॅट्स व्हिस्कर!’’ सर म्हणाले. बाई दारातच थबकल्या.

‘‘ऐकलंत?’’ थोरलीचे डोळे चमकले. ‘‘मी फोनवर सांगितलं ते हेच!’’

बाई खुर्ची ओढून बसल्या. स्वतःच्या मनगटावर एक चापट मारली, मग पिशवीतून कप काढला. ‘‘सर, हे काय आहे?’’

‘‘बाय अ नॅट्स व्हिस्कर!’’

‘‘आणि ही किल्ली की कंगवा?’’

‘‘बाय अ नॅट्स व्हिस्कर!’’

‘‘ते वस्तूंचं राहू द्या,’’ थोरली घाईघाईनं म्हणाली. ‘‘वस्तूंचा त्यांना कंटाळा आहे. माझ्याबद्दल विचारा ना.’’

बाईंनी थोरलीकडे बोट केलं. ‘‘सर, या कोण?’’

सरांचा श्वास लागला होता. कपाळाची शीर उडत होती. ‘‘नी-हाय... नी-हाय टू अ नॅट!’’

‘‘बघा! बघा!’’ थोरली ओरडलीच. ‘‘मलाच म्हणायचे हे, लहानपणापासून! ओळखलं ना त्यांनी? आता द्याल ना नाव?’’

बाई खुर्चीतच वळल्या. त्यांनी भिंतीशी असलेल्या कपाटाकडे बोट केलं. ‘‘सर, आणि हे कोण?’’

‘‘नी-हाय टू अ नॅट!’’

बाईंनी कप परत पिशवीत ठेवला. मग बाई हळूच म्हणाल्या, ‘‘त्यांचा हात सोडा जरा.’’

‘‘त्यांना आवडतो धरलेला.’’

‘‘सोडा.’’

थोरलीनं सोडला. हात तीरासारखा उजव्या दंडावर गेला. सर चोळत सुटले, मारत सुटले, मानेवर, कानावर, पुन्हा दंडावर. आणि बोलणं बंद. जसा नळ बंद करावा तसं. नुसते धापा टाकत होते, डोळ्यांतून पाणी चष्म्याखालून ओघळत होतं. बाईंनी त्यांची बाही वर केली, कोपरापर्यंत आणि मग खांद्यापर्यंत. मग वर गुंडाळलेल्या पडद्याकडे आणि निळ्या फितीकडे बघितलं.

‘‘हा पडदा रोज असा असतो?’’

थोरलीनं मान हलवली. बाई उठल्या, फितीची गाठ सोडायला गेल्या, त्यांना सुटेना. शेवटी थोरलीनंच सोडली. तिच्या बोटांना ती गाठ सवयीची होती.

‘‘मी रागावले नाही तुमच्यावर,’’ पायरीवर येऊन बाई म्हणाल्या. ‘‘पण हे बोलणं नव्हे. वर्षानुवर्षं घोकलेलं वाक्य वेगळ्या कप्प्यात असतं, ते आपोआप उडतं. कुणाची शिवी उडते, कुणाचा पाढा. तुमच्या वडिलांना चावत होतं आणि ते ओरडत होते. ‘आई गं’च्या जागी त्यांच्याकडे हेच उरलंय. एवढंच आहे ते.’’

‘‘मला कळलंच नाही हो,’’ थोरली म्हणाली. ‘‘मला वाटलं, ते माझ्याशी बोलतायत. मी हात धरून ठेवला त्यांचा. मी! रोज!’’

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. खाटेचं काही बोलल्या नाहीत, आणि थोरलीची विचारायची हिंमत झाली नाही.

धाकट्याला तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘तुझी एकटीची चूक नाही ताई. मीही हसलोच होतो.’’ रविवारी सकाळी तो गाडी घेऊन येणार होता आणि दुपारपर्यंत सरांना घाटापलीकडे पोचवणार होता. काकू गेल्या होत्या, त्यांच्या जागी घरी बसायला थोरलीनं घेतलेली रजा संपत आली होती. संस्थेची खाट नक्की झाली.

त्या संध्याकाळपासून मलमल रात्रंदिवस खाली होती. थोरलीनं तिच्या कडा चौकटीत दाबून घट्ट बसवल्या. सरांचे चट्टे बसत आले. ती भरवायला बसली की ते घास घ्यायचे, पण तिचा हात त्यांच्या हाताजवळ गेला की आपला हात अंगाखाली सारायचे. ती बघायची आणि चमचा पुढे करायची.

शनिवारी दुपारी उकडून जीव नकोसा झाला. वारा म्हणून नाही. सरांची उशी घामानं ओली झालेली. चिलटांच्या वेळेला अजून अवकाश होता. थोरलीला वाटलं, घटकाभर पडदा वर करावा, खोली जरा श्वास घेईल. तिनं मलमल खालून गुंडाळायला घेतली आणि खुंटीवरची निळी फीत हातात घेतली.

‘‘नको गं.’’

ती जागच्या जागी थिजली. आवाज बारीक होता, घसा खरवडून आल्यासारखा, फळ्यासमोरचा नव्हे. तिनं वळून बघितलं. सर तिच्या हातातल्या फितीकडे बघत होते. मग तिच्या चेहऱ्याकडे.

‘‘काय म्हणालात बाबा?’’

ओठ थरथरले. काही आलं नाही. पण तिनं ऐकलं होतं! ‘नको गं.’ घोकलेलं नाही, इंग्रजी नाही, फळ्यावरचं नाही. आणि कपाटाला कुणी ‘गं’ म्हणत नाही. ‘गं’ लेकीला म्हणतात. समोर कोण आहे, ती काय करणार आहे, सगळं त्यांना कळत होतं. कदाचित सगळ्या त्या संध्याकाळींसुद्धा कळत होतं. तिनं धावत जाऊन थेरपीवाल्या बाईंना फोन लावला.

‘‘बोलले! ‘नको गं’ म्हणाले! चिलटं नव्हती हो, एकही नव्हतं, आईची शपथ!’’

‘‘थांबा, थांबा,’’ बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज बदलला होता. ‘‘कशावरून म्हणाले? काय करत होता तुम्ही?’’

‘‘पडद्याची फीत घेतली हातात.’’

‘‘हे खरं बोलणं आहे. खाट अजून कुणाला दिलेली नाही, उद्या सकाळी ठरेल. पण मी एकदा कानांनी ऐकलं पाहिजे, त्याशिवाय मला नाव देता येत नाही. फोन त्यांच्याजवळ ठेवा. एकदाच. मी थांबते.’’

थोरलीनं फोन उशीवर, सरांच्या तोंडाशी ठेवला. गुडघ्यांवर बसली. ‘‘बाबा, म्हणा ना. आत्ता म्हणालात ते. नको गं. म्हणा, नको गं.’’ सर तिच्या ओठांकडे बघत राहिले, शाळेतलं ढ पोर मास्तरांकडे बघतं तसे. जबडा हलला. हवा आली. ‘‘बरं, दुसरं काही म्हणा. पाणी म्हणा. नाही म्हणा. बाबा, तुमच्या पाया पडते, उद्या उशीर होईल!’’ कपाळावर घाम आला त्यांच्या, पण शब्द नाही. फोनमधून बाईंच्या श्वासाचा आवाज येत होता.

काय केलं की शब्द येईल, ते थोरलीला ठाऊक होतं.

ती उठली. खिडकीशी गेली. मलमल उचलली आणि फीत हातात घेऊन वळून बघितलं. सर तिच्याकडेच बघत होते. ते ‘नको गं’ म्हणाले नाहीत. त्यांनी अंगाखालचा डावा हात बाहेर काढला, कष्टानं चादरीवर सरकवत पलंगाच्या कडेपर्यंत आणला, आणि तिच्यासाठी पुढे धरला. तिला धरायला. रोज धरायची तसा.

आणि डोळे मिटून घेतले.

थोरलीच्या हातून फीत गळून पडली. तिनं मलमल खाली सोडली, चारी कडा दाबून बसवल्या. मग उशीवरचा फोन उचलला.

‘‘बाई, नाही हो काही. मलाच भास झाला असेल.’’

‘‘नक्की? मी अजून थांबते. पुन्हा प्रयत्न करून बघा.’’

‘‘नको,’’ थोरली म्हणाली. ‘‘नको, राहू द्या.’’

तिनं फोन ठेवला. सरांचा हात अजून तसाच पुढे होता. तिनं तो धरला नाही. हलकेच उचलून त्यांच्याच छातीवर ठेवला आणि म्हणाली, ‘‘मोकळा आहे बाबा. तुमचा तुमच्यापाशी.’’ बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

उन्हं कलेपर्यंत ती त्यांची बॅग भरत होती. मग दुकानातून आणलेली कोरणी काढली, दिव्याखाली बसली. ‘‘चष्मा देता थोडा वेळ?’’ तिनं विचारलं आणि त्यांनी मान हलवेपर्यंत थांबली. दांडीच्या आतल्या बाजूला, सहज खोडलं जाणार नाही इतकं खोल, तिनं त्यांचं नाव कोरलं. दुसऱ्या दांडीवर स्वतःचा फोन नंबर. पडद्याबाहेर चिलटं जमली होती, मलमलीवर बारीक बारीक आपटत होती. तिनं काचा पुसल्या आणि चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला, दोन्ही कानांमागे नीट बसलाय ना, हे बघून.

सर तिच्याकडे बघत राहिले. उद्या दुपारपर्यंत त्यांना नीट दिसणार होतं.